साके चाखायची कशी: हळदीच्या पेढीवर वाढलेल्या नाकाने

माझे बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते होते. सौद्याच्या दिवशी ढिगातून एक हळकुंड उचलायचे, मधोमध मोडायचे आणि मोडतानाचा आवाज ऐकायचे. नीट वाळलेली हळद कट्‌कन मोडते, जवळजवळ धातूसारखी वाजते. मग आतला रंग, मग वास, मग जिभेच्या टोकावर किंचित. सगळं मिळून अर्धं मिनिट लागायचं, पण त्या अर्ध्या मिनिटात ते कुणाशी बोलायचे नाहीत. शाळेच्या सुट्टीत पेढीवर बसून मी हे बघत वाढले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं जपानात कोबेला काढली आणि तिथे साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, चाखायला शिकले. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी कप हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी बघा, मग वास घ्या, बोलायचं नंतर." मला बाबाच आठवले.

आता आम्ही सांगलीतच विश्रामबागला असतो. थंडीत एकदोनदा चार-पाच जण घरी जमतात: नणंद, तिचे यजमान, नवऱ्याचे दोन मित्र. दर वेळी तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. सगळ्यात आधी माझं ठाम मत सांगते. सुरुवात महागड्या, बर्फासारख्या गार दाईगिंजोने, म्हणजे तांदूळ खूप घासून केलेल्या सुगंधी साकेने, करू नका. एक मध्यम किमतीची जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली नुसत्या तांदळाची साके, घ्या आणि तीच बाटली तीन वेगवेगळ्या तापमानांना चाखा. साकेबद्दल त्या एका संध्याकाळी जे कळेल ते पाच बाटल्या ओळीने लावूनही कळणार नाही.

आपण काय पितोय ते आधी बघू. जपानात साके हा शब्द कुठल्याही दारूला चालतो. आपण जिला साके म्हणतो तिला ते निहोन्शु म्हणतात. ती व्हिस्कीसारखी भट्टीवर काढलेली नसते, वाइनसारखी आंबवलेली असते. बाटलीत अल्कोहोल साधारण 15-16 टक्के. भट्टीवर काढतात ती शोचू, ते प्रकरण वेगळं.

तासगावच्या द्राक्षात साखर मुळातच असते, यीस्ट लागलं की वाइन व्हायला सुरुवात. तांदळात असतं पिष्ट. ते फोडून त्याची साखर करावी लागते आणि ते काम कोजी करते. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी, अस्परजिलस ओरायझी. उबदार, लाकडी खोलीत साधारण दोन दिवस तिला लेकरासारखं सांभाळतात, रात्रीतून उठून हात लावून बघतात. दाण्यावर पांढरी मखमल धरते. तो दाणा चावला तर गोड लागतो. वास भाजलेल्या चेस्टनटचा म्हणतात. मला तो उकडलेल्या शिंगाड्याच्या जवळचा वाटतो.

मग कोजी, आणखी वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच टाकीत जातात. एकीकडे कोजी पिष्टाची साखर करत असते आणि त्याच वेळी, त्याच टाकीत यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. साखर एकदम साचत नाही, त्यामुळे यीस्ट गुदमरत नाही आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास चढू शकतं. म्हणून बहुतेक साकेत बाटली भरण्याआधी थोडं पाणी घालतात. पाणी न घातलेली ती गेन्शु. कोजी वापरून साके करण्याच्या या पारंपरिक कौशल्याला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मला त्या दिवशी घरचं कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला होता.

आता लेबलावरची नावं. इथे मला हळदीचीच उपमा सुचते. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घालून फिरवतात, वरची खरबरीत साल झडते, हळकुंड उजळतं. त्याला आपण पॉलिश म्हणतो. साकेच्या तांदळाचंही पॉलिश करतात, पण ते फार खोलवर जातं. दाण्याच्या बाहेरच्या भागात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. ते राहिले तर चव भारदस्त होते आणि फळासारखा नाजूक सुगंध दबतो. म्हणून दाणा घासत जातात, कधी कधी सलग दोन-तीन दिवस, हळूहळू, तापून तडकू नये म्हणून. लेबलावरचा टक्का हा घासून उरलेल्या दाण्याचा असतो. 60 टक्के लिहिलं असेल तर 40 टक्क्यांचं पीठ झालं. आपला रोजचा पांढरा तांदूळ या मापाने साधारण 90 टक्के असतो.

गिंजो म्हणजे 60 टक्के किंवा त्याहून कमी उरलेला तांदूळ. दाईगिंजो म्हणजे 50 टक्के किंवा कमी. होनजोझो 70 टक्के किंवा कमी. जुनमाई म्हणजे नुसता तांदूळ, कोजी आणि पाणी. तिला पॉलिशचं बंधन 2004 पासून नाही. जुनमाई गिंजो, जुनमाई दाईगिंजो अशी जोडनावं दिसतील, ती याच हिशोबाने वाचायची. नावात जुनमाई नसेल तर आंबवण संपताना त्यात थोडं शुद्ध अल्कोहोल घातलेलं असतं, तांदळाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. आमच्याकडे दर वेळी कुणीतरी म्हणतं, म्हणजे भेसळच की. नाही. अल्कोहोलमुळे एरवी चोथ्यात अडकून राहिला असता तो सुगंध साकेत उतरतो आणि अंगही हलकं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि नंतरच्या टंचाईत तांदूळ वाचवायला वारेमाप अल्कोहोल घालत असत, बदनामी त्या काळाची आहे. चांगली होनजोझो गरम करून प्यायली की हा आक्षेप कुणी पुन्हा घेत नाही.

तांदळाच्या जातीही वेगळ्या. सगळ्यात नावाजलेली यामादा निशिकी, ह्योगो प्रांतातली. 1923 मध्ये संकर केला आणि 1936 मध्ये हे नाव मिळालं. दाणा मोठा आणि मधोमध पांढरा ठिपका असतो, पिष्टाचा भुसभुशीत गाभा. कोजीला तिथे शिरायला सोपं जातं. आपला आंबेमोहर किंवा इंद्रायणी खायला कितीही सुरेख असले तरी त्यांचा गुण भाताच्या वासात आणि चिकटपणात आहे. साकेच्या तांदळाचा भात मी कोबेत करून खाल्लाय, अगदीच फिका लागतो.

आणि पाणी. कोबेच्या पूर्वेला समुद्राकाठी नादा नावाचा भाग आहे, आमच्या घरापासून लोकलने वीस मिनिटांवर. तिथे निशिनोमियाच्या विहिरींचं पाणी, मियामिझु, 1840 च्या सुमारास लक्षात आलं. त्यात लोह जवळजवळ नाही, म्हणून साकेचा रंग बिघडत नाही, आणि यीस्टला लागणारी खनिजं भरपूर, म्हणून आंबवण जोरात होतं. साके खणखणीत, कोरडी होते. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी त्यामानाने मऊ, तिथली साके मवाळ. जपानी लोक नादाची पुरुषी आणि फुशिमीची बायकी म्हणतात. मला ही वाटणी आवडत नाही, पण फरक जिभेला खराच कळतो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात पाण्याचं महत्त्व वेगळं समजावून द्यायला नको.

तयारी

चाखायची वेळ जेवणाआधीची ठेवा, पोटात थोडं काहीतरी असू द्या. तासभर आधी चहा, पान, मसाला सुपारी काही नको. घरात फोडणी दिलेली नको, उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको, केसांत गजरा नको. पेढीवरून आलेल्या माणसाने हात दोनदा धुवावेत. हळदीचा वास बोटांत किती मुरतो हे मला लहानपणापासून माहीत आहे, कप नाकाशी नेला की तोच आधी येतो.

भांडं पांढरं हवं. जपानात चाखायला खास कप असतो, पांढऱ्या चिनी मातीचा, तळाशी निळी दोन वर्तुळं काढलेली. पांढऱ्यावर साकेचा रंग कळतो, निळ्या रेघेची कड स्पष्ट दिसते की धूसर यावरून नितळपणा कळतो. तो नसेल तर घरातला पांढरा, आतून नक्षी नसलेला कप घ्या. स्टीलची वाटी नको, तिच्यात रंगच दिसत नाही. गिंजो-दाईगिंजोला मात्र वाइनचा ग्लास चांगला, सुगंध वर कोंडून राहतो.

मापाचं सांगते, कारण इथेच लोक चुकतात. जपानी माप 'गो', म्हणजे 180 मिली. नेहमीची बाटली 720 मिली, चार गो. एक गो साके म्हणजे अल्कोहोलच्या हिशोबाने व्हिस्कीच्या दोन स्मॉल पेगच्या आसपास. चाखण्याच्या बैठकीला माणशी एक गो हीच मर्यादा ठेवा, सगळे प्रकार मिळून. शेजारी साध्या पाण्याचा तेवढाच मोठा ग्लास हवा आणि तो संपवायचाच. जपानीत त्या पाण्याला नाव आहे, यावारागी मिझु. थुंकायला एक रिकामं भांडं ठेवा. जाणकार तिथे सर्रास थुंकतात, त्यात संकोचायचं काही नाही. पंचविशी ओलांडलेल्यांनीच, परवाना काढून, आणि परतताना गाडी न चालवता.

घोट कसा घ्यायचा

कपात बोटभर ओता. आधी रंग. ताजी साके पाण्यासारखी दिसते, पण बहुधा त्यात किंचित पिवळसर-हिरवट झाक असते. रंग गाळून टाकण्यासाठी कोळशाची भुकटी वापरतात, म्हणून अगदी पारदर्शक म्हणजे उत्तम असं समजू नका.

मग कप न हलवता नाकाशी. पहिला वास महत्त्वाचा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला नाक सरावतं. त्या पहिल्या वासाला मनात एकच नाव द्या: वेलची केळं, सफरचंद, खरबूज, वाफाळता भात, ताक, ओला लाकूडफाटा. केळ्याचा आणि सफरचंदाचा वास कल्पना नाही, यीस्ट ते सुगंधी घटक खरोखर तयार करतं. थंडीत सावकाश आंबवलं की ते टिकतात. म्हणून गिंजो हिवाळ्यातली.

आता घोट, चहाचा एक चमचा भरेल एवढाच. गिळू नका. जिभेवर पसरू द्या, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग तोंड मिटून श्वास नाकातून सोडा. या क्षणी जो वास येतो तो कपातल्या वासापेक्षा वेगळा असतो, आणि साकेची खरी ओळख त्यात असते. गोडवा आधी कळतो, मग आंबटपणा, मग एक भरलेपण, ज्याला जपानी उमामी म्हणतात. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे मटणाच्या अळणी पाण्याचा पहिला घोट, मीठ-तिखट पडण्याआधीचा. चव जिभेच्या दोन्ही बाजूंना धरून राहते, ती. शेवटी गिळा किंवा थुंका आणि मनात मोजा, चव किती वेळ रेंगाळते. पटकन तुटणं हा दोष नाही. नादाच्या साकेचा तो गुणच मानतात.

बाटलीवर निहोन्शु-दो नावाचा आकडा असेल. अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोड. त्याच्यावर फार विसंबू नका. आंबटपणा जास्त असला की उणे आकड्याची साकेसुद्धा कोरडी लागते, जसं लिंबू पिळलं की सरबतातली साखर लपते.

एक बाटली, तीन तापमानं

जुनमाईची बाटली सकाळी फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी काढली की ती पाच-सात अंशांवर असेल. पहिला कप तेव्हाच. बहुतेकांना ती 'काही विशेष नाही' वाटते: वास मिटलेला, चव सरळ, थोडी धारदार. तसं वहीत लिहा.

बाटली टेबलावर अर्धा-पाऊण तास राहू द्या. 15 ते 20 अंशांना दुसरा कप. जपानी पुस्तकातलं 'खोलीचं तापमान' हे 20 अंश, ते सांगलीत डिसेंबर-जानेवारीतच मिळतं. मे महिन्यात आपल्या खोलीत ठेवलेली बाटली न तापवताच 35 च्या पुढे जाते! तेव्हा स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घेऊन ठेवा. या कपात तांदूळ दिसायला लागतो, भाताच्या पेजेसारखी गोलाई येते.

तिसऱ्या कपासाठी गॅसवर पातेलं ठेवा. साके तापवायची सुरई, तोक्कुरी, नसेल तर चिनी मातीचं दुधाचं छोटं भांडं चालेल. गळ्याच्या खाली दोन बोटं राहतील इतकीच भरा, कारण तापली की साके फुगून वर चढते. पातेल्यातलं पाणी उकळलं की गॅस बंद करा, मगच भांडं आत ठेवा, पाणी साकेच्या पातळीपर्यंत येऊ द्या. थेट आच किंवा मायक्रोवेव्ह नको; कडेची उकळते आणि मधली गार राहते. दोन-अडीच मिनिटांत गळ्यातली पातळी हलकेच वर सरकताना दिसते. तेव्हा भांडं उचलून तळाला मधलं बोट लावा. बोट ठेवता येतं आहे, पण ऊब स्पष्ट आहे, म्हणजे 40 च्या आसपास. बोट लगेच मागे आलं तर पन्नाशी गाठली.

या वेळी खोलीत सगळे गप्प होतात, हे मी दर वेळी बघते. तीच बाटली, पण आंबटपणा मऊ झालेला, गोडवा पुढे आलेला, आणि गिळल्यावर छातीत एक सरळ ऊब उतरते. माझ्या नणंदेने पहिल्या कपापुढे 'पाणचट' लिहिलं होतं आणि तिसऱ्यापुढे 'हीच ती का?'.

जपानीत या प्रत्येक पायरीला नाव आहे. 5 अंशांना युकिबिए, म्हणजे बर्फाचा गारवा. 10 ला हानाबिए, फुलांचा गारवा. 15 ला सुझुबिए. 30 ला हिनाताकान, उन्हात ठेवल्यासारखी. 35 ला हितोहादाकान, माणसाच्या कातडीच्या उबेची. 40 नुरुकान, 45 जोकान, 50 आत्सुकान, 55 तोबिकिरिकान. पाच-पाच अंशांना वेगळं नाव देणाऱ्या लोकांनी त्यात फरक चाखला असणारच. हितोहादाकान हा शब्द मला सगळ्यात जवळचा. बाळाचं दूध मनगटावर टाकून बघतो तेवढी ऊब.

बाकीचे प्रकार

होनजोझो आणि साधी रोजची फुत्सुशु: हलक्या, न बोलक्या, 45-50 अंशांना छान खुलतात. सोबत सांगलीचं भडंग आणि भाजलेले शेंगदाणे. भडंगातला लसूण आणि तेल गरम होनजोझो धुऊन नेते आणि जीभ पुढच्या घासाला मोकळी होते. ही जोडी मी कोबेतल्या मैत्रिणींना खाऊ घातली आहे, त्यांनी डबा परत रिकामा दिला.

गिंजो-दाईगिंजो 10 ते 15 अंशांना. फार गार केली तर ज्या सुगंधासाठी पैसे मोजले तोच झोपतो. हिच्याबरोबर तिखट काही नको, नुसती काकडी, फार तर वाफवलेला मासा, तोही कमी मिठाचा. खरं तर मी ती एकटीच पिते, जेवणाआधी.

किमोतो आणि यामाहाई या माझ्या आवडीच्या, म्हणून थोडं सविस्तर. यीस्ट वाढवायचं विरजण करताना लॅक्टिक आम्ल लागतं, परकी जंतूंना दूर ठेवायला. हल्ली ते बहुधा बाहेरून घालतात, काम दोन आठवड्यांत होतं. जुन्या पद्धतीत हवेतल्या, भांड्यातल्या लॅक्टिक जिवाणूंना आपोआप येऊ देतात, महिनाभर वाट बघतात. किमोतोत तांदूळ लाकडी दांड्यांनी रात्री-अपरात्री घुसळत बसत. 1909 मध्ये असं दिसून आलं की घुसळल्याशिवायही जमतं. त्या पद्धतीचं नाव यामाहाई. रोज रात्री विरजण लावणाऱ्या घरातल्या माणसाला हा वास लगेच कळेल: ताक, सायीचं लोणी, कधी आंबोळीच्या पिठासारखा आंबूस. अंग जाड, आंबटपणा ठसठशीत. 45 अंशांना तापवा आणि पांढऱ्या रश्श्याबरोबर घ्या. नारळ-खसखशीचा स्निग्धपणा आणि हिचा आंबटपणा एकमेकांना असे धरतात की जपानात मला यापेक्षा चांगली जोडी मिळाली नाही.

निगोरी ढगाळ असते. जाडसर कापडातून गाळल्यामुळे तांदळाचा कण तिच्यात राहतो. बाटली हळूच दोनदा उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका. बऱ्याचदा गोडसर, म्हणून तिखटाला चालते. तांबड्या रश्श्याला गार निगोरी द्या. नामा म्हणजे पाश्चरायझेशन न केलेली, धारोष्ण दुधासारखा तिचा ताजेपणा, पण फ्रिजबाहेर तिचा जीव नाही. तारुझाके देवदारासारख्या सुगी लाकडाच्या पिंपात ठेवलेली. वास आवडला तर फार आवडतो, नाहीतर अजिबात नाही.

कोशु, म्हणजे मुरवलेली, अनेक वर्षांची. रंग काकवीचा. मी बाबांना शेवटच्या काही वर्षांत एकदा चमचाभर दिली होती. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, म्हणून फक्त वास घ्यायला दिली. डोळे मिटून बराच वेळ कप धरून बसले आणि म्हणाले, "जुना बेदाणा. आणि गुऱ्हाळाची कढई, काहिली उतरवल्यावरची." कोबेतल्या बाई त्याच वासाला कॅरमेल, सोया सॉस आणि वाळलेलं मश्रूम म्हणत. मी त्या दिवसापासून वहीत बाबांचेच शब्द लिहिते. तुम्हीही तसंच करा. लीची आणि पिअर लिहिलेलं पुस्तक बाजूला ठेवा. पेरूचा वास आला तर पेरू लिहा, पावसाच्या पहिल्या दिवशीच्या अंगणाचा आला तर तसं लिहा. पुढच्या वेळी त्याच शब्दाने ती साके तुम्हाला आठवेल.

तीन-चार प्रकार एका बैठकीत घ्यायचे असतील तर हलक्याकडून जडाकडे, सुगंधी गिंजो आधी, मग होनजोझो, जुनमाई, यामाहाई आणि अगदी शेवटी कोशु. निगोरी मध्ये आणू नका, तिचा गोडवा जिभेवर बसला की पुढचं सगळं कडू लागतं. आणि आपला कप आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा, आपण त्याचा. भरलेला कप तसाच ठेवला की पुरे झालं असं समजतात. आपल्या पंगतीत ताटावर हात आडवा धरतात त्याच्या जवळचंच हे.

बाटली आणणं आणि जपणं

सांगलीत मला साके मिळालेली नाही. पुण्या-मुंबईहून आणते किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगते. घेताना तारीख बघा. जपानी लेबलावर कधी त्यांच्या राजवटीचं वर्ष असतं: रेइवा 6 म्हणजे 2024, आकड्यात 2018 मिळवायचे. नेहमीची साके वर्षभरात संपवलेली बरी. वाइनसारखी ठेवून सुधारेल अशी आशा धरू नका, कोशुसाठी ती मुद्दाम वेगळी मुरवतात. पुण्यात एका दुकानात मी सुरेख दाईगिंजो काचेच्या कपाटात, थेट दुपारच्या उन्हात उभी केलेली बघितली आणि परत ठेवली. ऊन आणि उष्णता हे हिचे दोन शत्रू.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका मे महिन्यात पुण्याहून येताना साताऱ्यात जेवायला थांबलो, पुढे कऱ्हाडला नातेवाइकांकडे दोन तास गेले. दोन बाटल्या गाडीच्या डिकीत. रात्री घरी येऊन त्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आठवड्याने उघडल्या. गिंजोतलं फळ गेलेलं आणि त्या जागी मुळ्याच्या जुन्या लोणच्याचा, फार शिजलेल्या कोबीचा वास. त्याला जपानीत हिनेका म्हणतात. उष्णतेने आणि वेळेने गंधकाची संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास. तेव्हापासून उन्हाळ्यात मी बाटली आणतच नाही. आणावीच लागली तर थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांबरोबर, वर्तमानपत्रात गुंडाळून.

घरी बाटली उभी ठेवा, आडवी नाही. उघडलेली गिंजो तीन-चार दिवसांत संपवा. जुनमाई आणि यामाहाई फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतात, कधी कधी तिसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात, म्हणून थोडी मुद्दाम राखून बघा. तळाशी उरलेली मी फेकत नाही. माशाला मीठ लावण्याआधी दोन चमचे चोळते, वास जातो. जुना, कोरडा पडलेला तांदूळ शिजवताना वाटीला एक चमचा घालते, भाताला चकाकी येते. आंबेमोहराला मात्र घालत नाही. त्याचा स्वतःचा वास मोडतो.